परतीची वाट

सिन्नरच्या गोडाऊनमधून फोन आला तेव्हा गाडी गेटवर उभी होती. माल भरलेला, ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला, आणि इन्व्हॉइस निघत नव्हतं. आमचा सर्व्हर नाशिकच्या अंबडला, गोडाऊन सिन्नरजवळच्या मुसळगावच्या एमआयडीसीत. मधली फायबर कुठेतरी खोदकामात तुटली होती, एवढं समजलं होतं. पण अशाच प्रसंगासाठी तर कंपनीने वर्षभर आधी दुसरी लाइन घेतली होती, वायरलेसची. ती चालू होती. तिच्या डब्यावरचे दिवे व्यवस्थित लुकलुकत होते. तरीही सिन्नरला काही उघडत नव्हतं.

देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं, "मॅडम, राउट तर टेबलमध्ये दिसतोय." राउट म्हणजे रस्ता, आणि टेबल म्हणजे कुठल्या नेटवर्कचं कुणाकडे द्यायचं याची राउटरमधली यादी. मी राउटर तीनदा बंद-चालू केला. फायरवॉलच्या, म्हणजे आतबाहेरची वाहतूक तपासणाऱ्या यंत्राच्या, नोंदी उघडल्या, तर तिथे सिन्नरकडून येणाऱ्या ओळी एकामागोमाग एक दिसत होत्या. म्हणजे तिकडून येत होतं. मग अडलं कुठे? शेवटी इंजिनिअर स्वतः आला, त्याने एक ओळ काढली आणि सगळं सुरू झालं. तोवर तीन तास गेले होते. त्याने काय केलं ते मी विचारलं, त्याने सांगितलंही, पण मला त्यातलं काही कळलं नाही. ते न कळणं मला फार लागलं. मी या कंपनीत अकरा वर्षं आहे. प्रिंटरपासून सर्व्हरच्या बॅकअपपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि तरी त्या दिवशी मी गेटवरच्या ड्रायव्हरइतकीच असहाय होते.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. आयपी अ‍ॅड्रेस, गेटवे, सबनेट मास्क हे शब्द रोजचे होते. चार आकडे टाकायचे, 'ओके' दाबायचं. राउटर आत काय करतो याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. व्हिडिओ पाहून पाहिले. पाहताना सगळं कळतं, आणि दुसऱ्या दिवशी वही समोर घेतली की एक ओळ आठवत नाही.

वाट दाखवली माझ्या भाचीने. ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे, राहते सिडकोत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. ती म्हणाली, "मावशी, पॅकेट ट्रेसर टाक ना. फुकट आहे. आमच्या लॅबमध्ये तेच वापरतात." राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीत नावनोंदणी केली की तो उतरवून घेता येतो. माझ्या जुन्या आय-थ्री लॅपटॉपवर तो अगदी मजेत चालतो. पडद्यावर राउटर ओढून ठेवायचे, तारा जोडायच्या, आणि खऱ्या राउटरवर देतात त्याच कमांड द्यायच्या. चुकलं तर कुणाची गाडी गेटवर अडत नाही.

रात्री भांडी आवरली की दहाच्या सुमारास मी बसायचे. पहिली लॅब तीन राउटरांची. नावं मी आपल्या गावचीच दिली: अंबड, द्वारका, सिन्नर. एका ओळीत. अंबडमागे एक पीसी, नेटवर्क १९२.१६८.१०.०, सिन्नरमागे एक पीसी, नेटवर्क १९२.१६८.३०.०. मधल्या दोन तारांना प्रत्येकी एक छोटं नेटवर्क, स्लॅश ३० चं (स्लॅशनंतरचा आकडा मोठा तितकं नेटवर्क लहान), ज्यात वापरता येणारे पत्ते दोनच, तारेच्या दोन टोकांना पुरतील एवढे. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' म्हटल्याशिवाय उघडत नाहीत, हे कळायला पहिली रात्र गेली. तारेवरचे लाल त्रिकोण हिरवे झाले तेव्हा मी चहा करून प्यायले, साडेअकरा वाजता.

मग रस्ते लिहिले. अंबडला सांगितलं, ३० च्या नेटवर्कला, म्हणजे सिन्नरमागच्या १९२.१६८.३०.० ला, जायचं तर द्वारकेकडे दे. द्वारकेला सांगितलं, ३० चं आलं तर सिन्नरकडे दे. सिन्नरला काही सांगायची गरजच नाही, ३० तर त्याच्या दारातलं. सगळं बरोबर वाटत होतं. अंबडच्या पीसीवरून पिंग केला, म्हणजे सिन्नरच्या पीसीला हाक मारून उत्तराची वाट पाहिली.

रिक्वेस्ट टाइम्ड आउट. चारही वेळा.

दोन रात्री मी त्या तीन राउटरांचे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. एकही चूक नव्हती. तिसऱ्या रात्री भाची आली आणि तिने उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबून सिम्युलेशन सुरू केलं. यात वेळ थांबतो, आणि पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा तुकडा, एका छोट्या पाकिटाच्या रूपात एकेक पाऊल पुढे सरकताना दिसतं. आम्ही दोघी पडद्यात डोकं घालून बसलो. पाकीट अंबडला आलं. द्वारकेला आलं. सिन्नरला आलं. सिन्नरच्या पीसीला पोचलं! मी टेबलावर हात आपटला. पीसीने उत्तर तयार केलं, पाकीट वळलं, सिन्नरच्या राउटरवर आलं, आणि तिथे त्यावर लाल फुली पडली.

"बघ मावशी," भाची म्हणाली, "तू जायचं सांगितलंस. यायचं कुणी सांगायचं?"

सिन्नरच्या राउटरला १० चं, म्हणजे अंबडमागचं, नेटवर्क माहीतच नव्हतं. आलेल्या वाटेने परत जा असं तो करत नाही. पॅकेट कुठून आलं हे तो लक्षात ठेवत नाही. प्रत्येक पॅकेट त्याच्यासाठी नवं, आणि प्रत्येक वेळी तो फक्त आपल्याच टेबलात पाहतो. मी सिन्नरला १० चा रस्ता लिहून दिला. फुली आता द्वारकेवर पडली, कारण द्वारकेलाही १० माहीत नव्हतं. तिथेही लिहिलं. पहिला पिंग हुकला, पुढचे तीन आले. तो पहिला का हुकतो, तर वाटेवरच्या राउटरला पुढच्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या पोर्टचा स्वतःचा क्रमांक, ठाऊक नसेल तर तो आधी विचारून घ्यावा लागतो, आणि ते उत्तर येईपर्यंत हातातलं पॅकेट टाकून दिलं जातं.

त्याच रात्री मी अंबडवरचा रस्ता मुद्दाम पुसून पिंग केला. या वेळी संदेश निराळा: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, आणि तो पाठवणारा माझाच गेटवे, म्हणजे अंबडचा राउटर. मी अकरा वर्षं हे दोन संदेश पाहत आले होते आणि दोन्हींचा अर्थ 'चालत नाही' एवढाच लावत होते. अनरीचेबल आलं तर ज्याच्याकडून आलं त्याच्यापाशी वाट संपली, आणि तो तसं कळवतो आहे. टाइम्ड आउट आलं तर निदान मी तरी आता आधी परतीची वाट तपासते. सिन्नरच्या राउटरने पॅकेट टाकलं तेव्हा त्यानेही तक्रार केली होती, पण ती सिन्नरच्या पीसीकडे, कारण ते पॅकेट त्या पीसीचं होतं. अंबडला बसलेल्या मला ती दिसणार कशी?

आमच्या सासूबाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना लगेच पटलं. एका श्रावणात त्या सकाळी रामसेतू पुलावरून पायी पंचवटीत काळारामाला गेल्या होत्या. दुपारी धरणातून पाणी सोडलं, गोदावरी चढली, पूल बंद झाला. होळकर पुलावरून फिरून यायचं तर आधी मालेगाव स्टँडला जा, रिक्षा बघ, मग रविवार कारंजा. "गेले त्या वाटेनेच येईन असं धरूनच चालले होते मी," त्या म्हणाल्या. नाशिकच्या माणसाला दरवर्षी पावसाळ्यात हा धडा मिळतो.

भाचीने मला एक सवय लावली, आणि या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची तीच आहे. एंटर दाबायच्या आधी वहीत लिहायचं की आता काय होईल. पेन्सिलने. मग दाबायचं आणि जे झालं ते लाल पेनाने शेजारी लिहायचं. दोनशे पानी वही आहे माझी. पहिल्या चाळीस पानांत लाल जास्त आहे. लॅबचे तयार पीडीएफ मिळतात, पायरी एक ते पायरी वीस. ते मी दोन-चार केले आणि सोडून दिले. पायऱ्या पुऱ्या होतात, पिंग लागतो, आणि आपल्याला वाटतं आलं. अंदाज न बांधता केलेली लॅब म्हणजे दुसऱ्याच्या हाताने लाटलेली पोळी.

दुसरी सवय आमच्या दोघींची. चालू लॅबची फाइल घ्यायची, तीत एकच गोष्ट मोडायची आणि दुसरीला पाठवायची. तिने पाठवलेली पहिली फाइल मला अजून आठवते. सिन्नरला दोन पीसी होते, एकाचा पत्ता .२०० वर संपणारा, एकाचा .१० वर. .२०० चा लागत होता, .१० चा नाही. नेटवर्क एकच, तार तीच, दोन्ही पीसींना जोडणारा स्विचचा डबा तोच. ट्रेसर्ट, म्हणजे पॅकेट कुठल्या राउटरांवरून जातं ते दाखवणारी कमांड, लावला तर पडद्यावर अंबड, द्वारका, अंबड, द्वारका, अंबड, द्वारका... तीस ओळी. दोघे ते पॅकेट एकमेकांकडे टोलवत होते. पिंगला संदेश येत होता, टीटीएल एक्स्पायर्ड. प्रत्येक राउटर पुढे देताना पॅकेटवरचा टीटीएल हा आकडा एकाने कमी करतो आणि तो शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. तो आकडा नसता तर ते पाकीट कायम फिरत राहिलं असतं.

सापडायला दोन दिवस लागले. तिने द्वारकेवर १९२.१६८.३०.० साठी आणखी एक रस्ता लिहिला होता, स्लॅश २५ चा, आणि तो उलटा अंबडकडे. स्लॅश २५ म्हणजे अर्धं नेटवर्क, शून्य ते १२७. त्यात .१० येतो, .२०० येत नाही. आणि टेबलात दोन रस्ते जुळत असतील तर राउटर जास्त नेमका असलेला घेतो. अख्ख्या नेटवर्कचा आधीचा स्लॅश २४ शेजारी शहाण्यासारखा उभा होता, पण त्याला कुणी विचारतच नव्हतं.

हाच नियम जगभर काय करू शकतो ते मी नंतर वाचलं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशात यूट्यूब बंद करायला २०८.६५.१५३.० स्लॅश २४ असा रस्ता स्वतःकडे वळवला, आणि तो देशाबाहेरही जाहीर झाला. यूट्यूबने स्वतः जाहीर केलेला रस्ता स्लॅश २२ चा होता. २४ जास्त नेमका, म्हणून जगभरच्या राउटरांनी तो घेतला, आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक पाकिस्तानात जाऊन संपत होती. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर द्वारका आणि .१० चा पीसी होता. आकडे मोठे, गोष्ट तीच.

मग रिप केलं, राउटरांनी रस्ते एकमेकांकडून आपोआप शिकण्याची एक पद्धत. राउटर दर तीस सेकंदांनी शेजाऱ्यांना आपलं टेबल सांगतात, अंतर मोजतात ते मधल्या राउटरांच्या संख्येवर, पंधरापर्यंत वाट, सोळा म्हणजे पोचता येत नाही. समजायला सोपं आहे, आणि एकदा पाहिलं की पुरे. त्यावर जास्त वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

ज्यासाठी हे सगळं सुरू केलं त्याकडे मी चार महिन्यांनी आले. आमच्या कंपनीची जोडणी जशीच्या तशी मांडली. अंबड आणि सिन्नर, मध्ये दोन तारा, एक फायबरची, एक वायरलेसची. फायबरचा रस्ता साधा. वायरलेसचा रस्ता लिहिताना शेवटी दहा हा आकडा, म्हणजे विश्वासाच्या क्रमात तो मागे. आपण लिहिलेल्या रस्त्याचा आकडा मुळात एक असतो, ओएसपीएफ या तशाच दुसऱ्या पद्धतीने शिकलेल्याचा ११०, रिपने शिकलेल्याचा १२०. लहान आकडा आधी. पहिला रस्ता टेबलातून गेला की दहावाला वर येतो. वहीत लिहिलं: 'तार काढली की लगेच बदलेल.' तार काढली. बदललं. मग कंपनीत का बदललं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी रॅकच्या मागे जाऊन नीट पाहिलं. सिन्नरला फायबर थेट राउटरच्या पोर्टात जाते, हे मला ठाऊक होतं. अंबडला तसं नाही. इथे फायबर आधी एका मीडिया कन्व्हर्टरमध्ये येते, भिंतीवर टांगलेला तळहाताएवढा डबा, आणि त्यातून साधी तांब्याची केबल राउटरला. मी तिथेच उभी राहिले. फायबर तुटली तरी ही दोन फुटांची केबल शाबूत. कन्व्हर्टरला वीज आहे, राउटरच्या पोर्टला पलीकडे कुणीतरी दिसतंय, तो कशाला बंद होईल?

रात्री अंबड आणि सिन्नरच्या मध्ये एक स्विच ठेवला, कन्व्हर्टरच्या जागी. वहीत लिहिलं: 'सिन्नर बदलेल, अंबड बदलणार नाही. सिन्नरचं पॅकेट वायरलेसने येईल, उत्तर फायबरकडे जाऊन मरेल.' स्विचच्या पलीकडची तार काढली. सिम्युलेशन लावलं. सिन्नरचं पाकीट वायरलेसच्या तारेवरून अंबडला आलं. अंबडच्या सर्व्हरने उत्तर दिलं. अंबडच्या राउटरने टेबल पाहिलं, तिथे फायबरचा रस्ता तसाच लिहिलेला, पोर्ट हिरवा. पाकीट स्विचकडे गेलं आणि संपलं.

फायरवॉलमध्ये दिसलेल्या त्या ओळी. 'राउट तर टेबलमध्ये दिसतोय.' तीन तास. सगळं त्या एका लाल फुलीत होतं. इंजिनिअरने काढलेली ओळ म्हणजे फायबरचा रस्ता. मला हसू नाही आलं, डोळ्यांत पाणी आलं. यजमान झोपले होते, म्हणून भाचीला मेसेज केला, रात्री पाऊण वाजता. ती जागीच होती. तिने लिहिलं, "आता ओएसपीएफ लाव."

ओएसपीएफमध्ये राउटर शेजाऱ्याला दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतो, आणि चाळीस सेकंद हॅलो आलं नाही की शेजारी गेला असं धरतो. पोर्ट हिरवा असो वा नसो. मी तीच तार काढून घड्याळ लावलं. एकदा चौतीस सेकंद लागले, एकदा अडतीस. दहा-दहाच्या ठेक्यात तार कुठल्या क्षणी तुटली त्यावर ते ठरतं, म्हणून तीस आणि चाळीसच्या मधलाच आकडा येतो. मग अंबडचं टेबल बदललं आणि उत्तर वायरलेसने गेलं.

यात एक खड्डा आहे, तो सांगते, कारण मी त्यात पडले. ओएसपीएफ कमी किमतीचा रस्ता घेतो, आणि ती किंमत पोर्टच्या वेगावरून काढतो, १०० एमबीपीएस भागिले पोर्टचा वेग, आणि एकाच्या खाली जात नाही. म्हणजे १०० चा पोर्ट एक आणि गिगाबिटचा पोर्टही एक. आमची वायरलेस लाइन दहा एमबीपीएसची, पण ती येते गिगाबिट पोर्टात. राउटरला दोन्ही तारा सारख्याच वाटल्या आणि त्याने वाहतूक दोन्हींवर वाटून टाकली. वायरलेसच्या पोर्टवर जास्त किंमत हाताने लिहावी लागते, दोन्ही टोकांना. एकाच टोकाला लिहिली तर जाणं फायबरने, पण येणं अजूनही दोन्हींवर वाटलेलं, काही वायरलेसने. परतीची वाट पुन्हा आलीच.

पॅकेट ट्रेसरच्या मर्यादाही आता कळतात. तो राउटरच्या वागण्याची नक्कल करतो, त्यामुळे शिकवण्यापुरत्याच कमांड त्यात आहेत. पुढे मी जीएनएस-थ्रीकडे गेले. त्यात राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालतं. सिस्कोचं सॉफ्टवेअर परवान्याचं असतं, म्हणून मी एफआरआर नावाचं राउटरचं सॉफ्टवेअर वापरते, ते मुक्त आहे आणि लिनक्सवर चालतं. लॅपटॉपला मात्र आठ जीबी रॅम कमी पडते, चार राउटरांवर गेलं की पंखा ओरडायला लागतो. नव्याने सुरू करणाऱ्याने मात्र पॅकेट ट्रेसरवरच बसावं, कारण थांबलेल्या वेळात चालणारं ते पाकीट दुसरीकडे असं दिसत नाही.

वहीची पाच पानं फोटो काढून मी साहेबांना दाखवली. त्यांनी कंत्राटदाराला बोलावलं. तोच इंजिनिअर आला. त्याने पानं वाचली, दोन प्रश्न विचारले, आणि मग एका रविवारी कारखाना बंद असताना आम्ही दोघांनी मिळून दोन्ही टोकांना ओएसपीएफ लावलं. फायबर कन्व्हर्टरमधून मी स्वतः उपसून काढली. छत्तीस सेकंद. सिन्नरच्या वॉचमनकाकांनी गोडाऊनच्या कॉम्प्युटरवरून सांगितलं, "ताई, उघडलं बघा."

परवा भाचीने नवी फाइल पाठवली आहे. सात राउटर, त्यात या वेळी ओझर आणि पिंपळगावही आहेत. ओझरहून निघालेलं पाकीट द्वारकेपर्यंत येतं आणि तिथून पुढे जातही नाही, फुलीही पडत नाही. द्वारकेचं टेबल बरोबर आहे. शेजारी सगळे दिसतात. वहीत पेन्सिलने तीन अंदाज लिहिलेत, दोन खोडलेत. तिसरा आज रात्री भांडी झाली की बघते.